जकात-सदक्याचं आवाहनपत्र कसं लिहावं?

रमजान जवळ आला की मशिदीच्या दारात, दुकानांच्या गल्ल्यावर आणि व्हॉट्सअॅपवर आवाहनपत्रांची गर्दी होते. मदरसा, यतीमखाना, वसतिगृह, दवाखाना, शिष्यवृत्ती समिती, सगळ्यांची कामं गरजेची असतात. तरी एखादं पत्र वाचून माणूस लगेच खिशात हात घालतो आणि एखादं पत्र इफ्तारीच्या भज्यांखाली जातं. असं का होतं, ते समजून घेऊ या.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दहावीच्या मुलांकडून दरवर्षी विनंतीपत्र, मागणीपत्र घटवून घेते. म्हणूनच काही वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या शिष्यवृत्ती समितीने आवाहनपत्र लिहायचं काम माझ्याकडे दिलं. तीन मुलींना नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती. मी दोन पानं लिहिली. सुरुवातीला इल्मची फजीलत, मग समितीचा इतिहास, मग चौदा पदाधिकाऱ्यांची नावं आणि शेवटी "यथाशक्ती मदत करावी". जुम्याच्या नमाजनंतर दोनशे प्रती वाटल्या.

पैसे आले, पण थोडे आणि उशिरा. बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या एक खाला मला रस्त्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाजी, पत्र छान होतं. पण मी किती द्यायचे, कधीपर्यंत द्यायचे, ते कुठेच नव्हतं. म्हटलं, देऊ ईदनंतर." फी भरायची शेवटची तारीख ईदच्या आधीची होती. दोन मुलींचं कसंबसं जमलं, तिसरीचं राहिलं. पुढच्या वर्षी तिच्यासाठी पैसे तयार होते, पण तोवर तिचं लग्न ठरलं होतं.

त्या दिवसापासून आवाहनपत्राकडे मी निबंध म्हणून पाहत नाही. ते पत्र म्हणजे एका माणसाने दुसऱ्याकडे मागितलेली अमानत आहे. ती कशासाठी, किती, कधीपर्यंत आणि हिसाब कोण देणार, एवढं त्यात स्वच्छ असलं पाहिजे. पुढची माहिती समित्यांच्या कामी यावी म्हणून देत आहे.

लिहायला बसण्याआधी

कागद हातात घेण्यापूर्वी समितीने एकत्र बसून चार प्रश्नांची उत्तरं ठरवावीत.

१. पैसा नेमका कशासाठी हवा आहे? "शिक्षणासाठी" हे उत्तर पुरेसं नाही. "बारा मुलींच्या वसतिगृहाची वर्षाची फी" हे उत्तर झालं.

२. एकूण किती हवा, त्यातला किती जमला आणि किती बाकी आहे?

३. कोणत्या तारखेपर्यंत हवा? त्यानंतर आला तर काय अडेल?

४. हा पैसा कोणत्या खात्यातला चालेल: जकात, फित्रा की लिल्लाह?

या चारांपैकी एकाचंही उत्तर समितीला देता येत नसेल, तर पत्र थांबवावं. जे आपल्यालाच माहीत नाही ते वाचणाऱ्याला कसं कळणार?

जकात वेगळी, लिल्लाह वेगळं

आपल्या पत्रांत सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. "जकात, सदका, फित्रा, खैरात देऊन सवाब मिळवा" असं सगळं एका ओळीत लिहिलं जातं. पण देणाऱ्याच्या दृष्टीने हे एक नाही.

जकात फर्ज आहे. निसाबइतकी किंवा त्याहून जास्त रक्कम एक चांद्रवर्ष जवळ राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के, म्हणजे हजारी २५ रुपये. ती कोणाला द्यायची ते सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ प्रकार सांगून ठरवून दिलं आहे. हनफी उलेमांच्या मते जकातीचा पैसा पात्र माणसाच्या मालकीचा व्हायला हवा. म्हणून मशिदीचं बांधकाम, इमारतीची रंगरंगोटी किंवा शिक्षकांचा पगार यांसाठी ते जकात चालवत नाहीत. सय्यद घराण्यातल्या गरजूंना जकात देऊ नये, असं बहुतेक उलेमा मानतात.

फित्रा ईदच्या नमाजआधी गरिबांपर्यंत पोहोचायला हवा. म्हणून "फित्रा ईदनंतरही स्वीकारला जाईल" असं वाक्य पत्रात नसावं.

लिल्लाह, म्हणजे ऐच्छिक दान, याला इतकी बंधनं नाहीत. इमारत, पगार, वीजबिल, शेजारच्या बिगरमुस्लिम रुग्णाचं औषध, सय्यद कुटुंबाची मदत हे सगळं त्यातून होऊ शकतं.

म्हणून पत्रात दोन ओळी वेगळ्या असाव्यात: जकात अमुक कामासाठी, लिल्लाह तमुक कामासाठी. पावतीपुस्तकातही दोन रकाने ठेवावेत. शक्य असेल तर बँकेत खातीही दोन ठेवावीत. कोकणातल्या जमाती बहुतेक शाफई आहेत, घाटावर हनफी जास्त आहेत. तेव्हा बारीक मसला आपापल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा आणि "मुफ्तीसाहेबांना विचारून ठरवलं आहे" हे पत्रात लिहावं. जकात काढणारा माणूस आधी हेच शोधतो.

पत्राचा सांगाडा

पत्र एका पानाचं असावं. मशिदीबाहेर हातात पडलेलं दुसरं पान कुणी उलटत नाही.

*सलाम आणि संबोधन.* "सर्व दानशूर व्यक्तींना" असं लिहिलं की ते कुणालाच उद्देशून राहत नाही. ओळखीच्या माणसाला नावाने लिहा: "मोहतरम अमुक भाई", "मोहतरमा अमुक आपा". पन्नास जणांना हाताने नावं लिहायला एक संध्याकाळ लागते आणि ती वाया जात नाही.

*पहिला परिच्छेद: काम आणि आकडा.* दोन-तीन वाक्यांत काय अडलं आहे आणि किती हवं, ते सांगा. आयत किंवा हदीस द्यायचीच असेल तर एकच द्या, तीही अर्थासह आणि आलिमांना दाखवून. लोकांना दानाची फजीलत माहीत असते. तुमचं काम माहीत नसतं.

*दुसरा परिच्छेद: एक खरी गोष्ट.* ज्याच्यासाठी मागता आहात त्याची परिस्थिती साध्या शब्दांत लिहा. "वडील हमाली करतात, पाठीच्या दुखण्यामुळे चार महिने घरी आहेत" हे वाक्य "अत्यंत हलाखीची परिस्थिती" या शब्दांपेक्षा जास्त सांगतं.

*तिसरा परिच्छेद: वाचणाऱ्याने काय करायचं.* रकमेचे दोन-तीन टप्पे, शेवटची तारीख, पैसे देण्याची पद्धत.

*चौथा परिच्छेद: हिसाब.* मागच्या वर्षी किती आले, कुठे गेले आणि यंदाचा हिसाब कधी व कुठे लागेल.

*सही.* चौदा नावं नकोत. ज्याला फोन केला तर उत्तर मिळेल अशा दोघांची नावं आणि नंबर पुरेत.

नेमकं मागण्यात संकोच नको

"यथाशक्ती" हा शब्द नम्र वाटतो, पण वाचणाऱ्याला तो अडचणीत टाकतो. पन्नास दिले तर कमी दिसतील का, पाचशे दिले तर पुरतील का, या विचारात पत्र बाजूला पडतं. त्याऐवजी कोणत्या रकमेने काय होतं ते सांगावं.

हे काही नवं नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ मध्ये अलीगढला मदरसा सुरू केला आणि त्याचंच पुढे कॉलेज झालं. त्यासाठी त्यांनी मुसलमान आणि हिंदू, दोन्हीकडून देणग्या घेतल्या आणि देणगीदारांची नावं दगडांत कोरली. देणाऱ्याला आपला वाटा डोळ्यांनी दिसत होता. आपल्याकडे १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा मुष्टिफंड प्रसिद्ध आहे. घरोघरी दळणा-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचं. मूठभर म्हणजे किती, हे कुणाला विचारावं लागत नाही. गरीब घरालाही त्यात भाग घेता येतो आणि आपण कमी दिलं असं वाटत नाही.

म्हणून पत्रात मोठ्या रकमेबरोबर एक लहान रक्कम जरूर लिहावी. ती लहान रक्कम देणारा पुढच्या वर्षीही देतो, हा माझा अनुभव आहे.

घेणाऱ्याची इज्जत

सूरह बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजूंचा उल्लेख आहे, जे कुणाच्या मागे लागून मागत नाहीत, म्हणून अजाण माणसाला ते सुखवस्तू वाटतात. आपल्या मोहल्ल्यात अशी घरं भरपूर आहेत. त्यांच्या वतीने आपण पत्र लिहितो तेव्हा त्यांनी जपलेली लाज उघडी पाडायचा हक्क आपल्याला मिळत नाही.

त्यामुळे काही पथ्यं पाळावीत. नाव, गल्ली, शाळेचं नाव, बापाचं नाव देऊ नये. "एक विद्यार्थिनी" एवढं पुरे. लहान गावात तर वडिलांचा धंदा सांगितला तरी घर ओळखू येतं, तिथे तपशील बदलण्यापेक्षा गाळावेत. यतीम मुलांचे ताटं घेऊन उभे असलेले फोटो छापू नयेत. फोटो हवाच असेल तर वसतिगृहाच्या खोलीचा, पुस्तकांचा, शिलाई मशिनचा द्यावा. आणि ज्याची गोष्ट लिहिली त्याला ती आधी वाचून दाखवावी. "हे असं लिहू का?" असं विचारल्यावर एका आईने माझ्या कागदावरचा "लाचार" शब्द खोडायला लावला होता. म्हणाली, "आम्ही गरीब आहोत, लाचार नाही."

कायद्याच्या गोष्टी पत्रात येऊ द्या

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास असो, नोंदणीकृत सोसायटी असो किंवा वक्फ मंडळाकडे नोंदलेली संस्था, नोंदणी क्रमांक पत्राच्या वरच छापावा. नोंदणी नसलेल्या मंडळाला लोकांकडून वर्गणी जमवायची असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. मशिदीत एलान झालं म्हणजे परवानगी झाली, असं नाही.

देणगीदाराला आयकरात मिळणारी ८०जी ची सवलत संस्थेकडे असेल तरच लिहावी. त्या सवलतीसाठी २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने दिलेली चालत नाही, म्हणून तशा देणगीदाराला बँकेतून किंवा यूपीआयने द्यायला सांगावं आणि पॅन क्रमांक घ्यावा. आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत संस्थेने त्याला प्रमाणपत्र देणं अपेक्षित असतं. "८०जी साठी अर्ज केला आहे" म्हणजे सवलत मिळाली असं होत नाही, ते तसं भासवू नये.

क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा असावा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कोड छापला की माणूस कितीही नेक असला तरी बोलणाऱ्यांना जागा मिळते.

परदेशातल्या नातेवाइकांना पाठवताना

रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं दुबई, कुवेत, कतारला आहेत. त्यांना पत्र जातंच. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने तिकडच्या आपल्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं आहे, मग त्याच्याकडे ओसीआय कार्ड का असेना, त्याची देणगी परदेशी देणगी ठरते. ती घ्यायला परकीय योगदान नियमन कायदा, २०१० खालची नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर चुलतभाऊ असला तरी नम्रपणे नाही म्हणावं.

दुसरं, संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्यांनी लोकांकडून देणग्या गोळा करणं गुन्हा आहे. आपलं पत्र तिकडच्या माणसाने तिथल्या ग्रुपवर पुढे ढकललं तर अडचण त्याला येईल. म्हणून पत्र एकेकाला, खाजगीत पाठवावं आणि पुढे पाठवू नका असं स्पष्ट लिहावं.

एक नमुना

यातले आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपापल्या कामाप्रमाणे बदलून घ्यावेत.

*(संस्थेचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक)*

*मोहतरम ............... भाई,*
*अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाह.*

*आपल्या तालुक्यातल्या बारा मुली यंदा शहरात राहून शिकत आहेत. एका मुलीच्या वसतिगृहाचा खर्च महिन्याला १,५०० रुपये, म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. बाराजणींचे मिळून २,१६,००० रुपये होतात. त्यातले ९६,००० जमले आहेत. १,२०,००० बाकी आहेत.*

*यातली एक मुलगी रोज पहाटे पाचच्या एसटीने कॉलेजला जायची आणि रात्री आठला घरी यायची. वसतिगृहात जागा मिळाल्यापासून तिची हजेरी पूर्ण आहे. तिचे वडील भाजीची गाडी लावतात. मेसचे पैसे ते देतात, राहण्याचे आपण देतो.*

*आपल्या ५०० रुपयांत एका मुलीचे दहा दिवस निघतात, १,५०० मध्ये महिना आणि १८,००० मध्ये पूर्ण वर्ष. वसतिगृहाची फी २० रमजानपर्यंत भरायची आहे, म्हणून १५ रमजानपर्यंत मदत पोहोचावी ही विनंती.*

*बारापैकी नऊ मुली जकातीला पात्र आहेत. त्यांची रक्कम त्यांच्या किंवा पालकांच्या हाती, नाहीतर त्यांच्या लेखी संमतीने वसतिगृहात भरली जाते. बाकी तिघींसाठी लिल्लाह हवं आहे. आपली रक्कम कोणत्या खात्यातली आहे ते पावतीवर जरूर सांगा.*

*मागच्या वर्षीचा हिसाब सोबत जोडला आहे. यंदाचा हिसाब शव्वालच्या दुसऱ्या जुम्याला मशिदीच्या फलकावर लावू. यंदा आपल्याला जमलं नाही, तरी या मुलींसाठी दुआ करा.*

*(दोन नावं, सह्या, फोन नंबर, खात्याचा तपशील)*

यात एकही जड शब्द नाही, पण वाचणाऱ्याला विचारावं लागेल असं काही राहिलेलं नाही.

भाषा, वेळ आणि वाटप

पत्र कोणत्या लिपीत असावं यावर समित्यांत वाद होतात. माझं म्हणणं असं, की वाचणारा ज्या भाषेत हिसाब करतो त्या भाषेत लिहावं. आपल्या तरुण मुलांपैकी बऱ्याच जणांना उर्दू बोलता येते पण वाचायला मराठी सोपं जातं. बुजुर्गांसाठी उर्दू. एका बाजूला उर्दू, दुसऱ्या बाजूला मराठी छापलं तर दोन्ही घरांत चालतं. मराठी मजकूर शेजारच्या हिंदू मित्रालाही वाचता येतो, आणि मदत तिकडूनही येते.

पत्र रमजानच्या आधी, शाबानमध्येच पोहोचावं. बरेच जण जकातीचा हिसाब रमजानच्या पहिल्या दहा दिवसांत करतात. सत्ताविसाव्या रात्री पत्र वाटून उपयोग नाही, तोवर पैसे ठरलेल्या ठिकाणी गेलेले असतात.

व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर पहिल्या तीन ओळींतच काम, रक्कम आणि तारीख यावी. "तात्काळ! जास्तीत जास्त शेअर करा" असं लिहू नये. तारीख नसलेला संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतो आणि मग खऱ्या पत्रावरचाही विश्वास जातो.

दुसरं पत्र विसरू नका

मदत मागणारं पत्र सगळे लिहितात. मिळालेल्या मदतीचं काय झालं, ते सांगणारं पत्र फार थोडे लिहितात. देणाऱ्याला पावती त्याच दिवशी मिळावी. दोन महिन्यांत आणखी चार ओळी जाव्यात: एवढे आले, एवढे खर्च झाले, एवढे शिल्लक आहेत, एवढ्या मुली पास झाल्या. कमी पडलं असेल तर कमी पडलं असं लिहावं. चूक झाली असेल तर तीही लिहावी. उधारीचा व्यवहारसुद्धा लिहून ठेवा, असं सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत सांगितलं आहे. मग लोकांची जकात तोंडी हिसाबावर कशी ठेवायची?

त्या पहिल्या वर्षीनंतर आम्ही पत्र एका पानावर आणलं, तारीख ठळक केली आणि हिसाबाचा कागद सोबत जोडला. बांगडीवाल्या खाला आता शाबान लागला की स्वतःच विचारतात, "बाजी, यंदा किती पोरी?" मी आकडा सांगते. त्या एका मुलीच्या एका महिन्याचे पैसे मोजून देतात आणि पावती नीट घडी करून पाकिटात ठेवतात.

तिसरी मुलगी मात्र अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. तिच्यासाठी पैसे नव्हते असं नाही, मोहल्ल्यात पैसे होते. माझ्या पत्रात तारीख नव्हती. यंदा पत्र लिहायला बसाल तेव्हा आधी तारीख लिहा, मग सलाम.

अल्लाह देणाऱ्यांचं दान कबूल करो आणि अमानत सांभाळणाऱ्यांना ती नीट पोहोचवायची तौफीक देवो. आमीन.